डे-लिलीची बोंडं टिकत नाहीत? आधी गळण्याचा दिवस मोजा

डे-लिलीचा बहर ओसरला की, हाताने संकर करून बी धरू पाहणाऱ्या ओळखीतल्या कुणा ना कुणाचा फोन येतोच. बोलणं ठरलेलं. "काकी, तुम्ही सांगितलं तस्संच केलं. पराग लावला, दोरा बांधला, आणि चौथ्या दिवशी सगळं खाली!" ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे, आणि त्याआधी गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या परसात स्वतः इतक्या वेळा भोगली आहे, की आता मी उलट एकच प्रश्न विचारते. नेमकं कितव्या दिवशी पडलं?

बहुतेकांना सांगता येत नाही. म्हणून पहिलं काम: दोऱ्याला तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधा. दुधाच्या पिशवीची पट्टी आणि पेन्सिल चालते, पेनाची शाई पहिल्याच दवात पसरते. चिठ्ठीवर आईचं (जिला पराग लावला तिचं) नाव आधी, मग गुणाकाराची फुली, मग बापाचं (ज्याचा पराग घेतला त्याचं) नाव. ही तारीख हातात असली की अर्धं निदान झालंच.

लक्षणं अशी वाचायची

फूल सुकलं आणि दोन-तीन दिवसांत बुडाच्या हिरव्या गाठीसकट देठापासून सुटलं, तर फलनच झालेलं नाही. पराग मेलेला होता, उशिरा लागला, पावसात धुतला गेला, किंवा झाडाने तो स्वीकारलाच नाही.

गाठ फुगली, वाटाण्याएवढी झाली, तुम्ही घरात सगळ्यांना बोलावून दाखवलीत, आणि आठ-दहा दिवसांनी पिवळी पडून गळली, तर सुरुवात झाली होती पण आत बी वाढू शकलं नाही. इथे संशय जोडीवर, उन्हावर किंवा पाण्यावर.

बोंड चांगलं सुपारीएवढं झालं आणि तीन-चार आठवड्यांनी काळं, मऊ पडलं किंवा त्याला भोक दिसलं, तर बुरशी किंवा कीड.

बोंड पिकलं, वरून उकललं, पण आत काळ्या चकचकीत मण्यांऐवजी चपटे फिकट कोंडे निघाले, तर कारणं दुसऱ्या प्रकारातलीच. फक्त झाडाने जास्त दिवस आशा लावली, इतकंच. चांगलं बोंड साधारण दीड ते दोन महिन्यांत पिकतं. त्याच्या आत ते हिरवंच असेल तर घाई करू नका.

आता तपासण्या. फुकटातल्या आधी, कष्टाच्या आणि खर्चाच्या शेवटी. क्रम मोडू नका. लोक सरळ खताच्या दुकानात जातात आणि पैसे घालवून बसतात.

१. तुमची लिली केशरी आहे का?

हसू नका. मला दाखवायला आणलेल्या झाडांपैकी निम्म्याहून जास्त वेळा गोष्ट इथेच संपते. तांबूस-केशरी फूल, घशाशी पिवळं, पाकळीवर गडद पट्टा, आणि जमिनीखालून धावत जाऊन हातभर अंतरावर नवीन पिल्लू काढणारी. ही बहुधा जुनी 'युरोपा'. तिचीच दुहेरी पाकळ्यांची बहीण 'क्वान्सो'. या दोघींना बोंड जवळजवळ धरतच नाही आणि त्यात तुमचा काही दोष नाही.

कारण समजून घेण्यासारखं आहे, कारण तेच पुढे पुन्हा लागणार आहे. डे-लिलीचा गुणसूत्रांचा एक संच ११चा. साध्या जातींत असे दोन संच, म्हणजे २२; त्यांना डिप्लॉइड म्हणतात. माणसाने मुद्दाम दुप्पट करून घेतलेल्या जातींत चार, म्हणजे ४४, त्या टेट्राप्लॉइड. 'युरोपा'कडे तीन संच आहेत, ३३. बी धरायच्या आधी संचांची दोन सारख्या वाट्यांत वाटणी व्हावी लागते, आणि तीन भाकऱ्या न मोडता दोन ताटांत वाढायच्या कशा? न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात आर्लो स्टाउट यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या एका झाडावर हजारो वेळा परागीकरण करून पाहिलं, तेव्हा कुठे अगदी मोजकी बोंडं मिळाली. मी पहिल्या वर्षी चाळीसेक फुलांवर कष्ट घेतले ते याच केशरी झाडावर. एका रोपवाटिकेतून 'नवी हायब्रीड' म्हणून मोठ्या दिमाखात आणलं होतं. शेजारची वहिनी रोज सकाळी कुंपणावरून विचारायची, "आज काय तरी जमलं?"

तर केशरी असेल तर ती शोभेला ठेवा. मुळांनी वाढते, पावसाळ्यात दगडी पायरीच्या कडेलाही मरत नाही. बीजासाठी मात्र दुसरी आणा.

२. दोन झाडं खरंच दोन आहेत का?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून एक पिवळी घेतली, दोन वर्षांनी मावशीकडून दुसरी पिवळी आणली, दोघींचा संकर केला. मावशीनेही ती त्याच बाजारातून घेतली होती. डे-लिली बहुतेक गड्डा फोडूनच वाढवतात, त्यामुळे गावभर पसरलेली शंभर झाडं म्हणजे प्रत्यक्षात एकच झाड असू शकतं. आणि बऱ्याच साध्या जाती स्वतःचाच पराग स्वीकारत नाहीत. टेट्राप्लॉइड त्या मानाने मोकळ्या मनाच्या असतात, पण भरवसा नको.

तपासणी सोपी. दोन्ही फुलं एकाच सकाळी तोडून शेजारी ठेवा. घशाचा रंग, पाकळीच्या कडेची चुणी, दांड्याची उंची, फांद्या किती. काहीच फरक दिसत नसेल तर त्यांना एकच धरा आणि वेगळ्या रंगाचा पराग मिळवा.

३. किती वाजता लावता?

या फुलाचं हेमेरोकॅलिस हे शास्त्रीय नावच ग्रीकमधल्या 'दिवस' आणि 'सौंदर्य' या शब्दांवरून पडलं आहे. सकाळी उमललं, संध्याकाळी मिटलं. एका दिवसाचा संसार. त्यातही आपल्याकडे कामाचे तास मोजकेच.

गोव्यात मार्च ते मे दुपारचा पारा ३३-३४ अंशांवर सहज जातो, आणि ३२च्या वर बोंड धरणं अवघड होत जातं. सकाळची पूजा, नाश्ता आटोपून अकराला पराग लावणाऱ्यांची बोंडं तिसऱ्या दिवशी पडणारच. माझा नियम असा: पुंकेसराची टोकं फुटून पिवळी भुकटी दिसली की लगेच, साधारण साडेसात ते नऊ. अख्खं पुंकेसर चिमट्याने तोडायचं आणि मधल्या लांब काडीच्या अगदी टोकावर हलकं टेकवायचं. टोकावर भुकटी चिकटलेली दिसली पाहिजे. ब्रश नको. ब्रशमध्ये कालचा पराग राहतो आणि बाप कोण हे कधीच कळत नाही.

बापाचं फूल आदल्या दिवशी येऊन गेलं असेल तर पराग साठवता येतो. पुंकेसरं कागदावर काढून पंख्याखाली तीन-चार तास वाळवा, कागदाच्या पुडीत बांधा, औषधाच्या किंवा बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी सोबत घालून घट्ट झाकणाच्या डबीत, फ्रीझरमध्ये. महिनोन्‌महिने टिकतो. आपल्याकडचा खरा शत्रू दमट हवा आहे. डबी बाहेर काढून तशीच उघडी ठेवली की पाच मिनिटांत परागाला घाम फुटतो आणि तो गेलाच. म्हणून एकेका वापरापुरत्या लहान पुड्या करा, उरलेला परत ठेवू नका.

उन्हाळ्यात कुंडी पूर्वेच्या अंगणात हलवता आली तर उत्तम. सकाळचं पाच-सहा तास ऊन, दुपारी सावली. जमिनीतल्या झाडाला शेडनेटचा तुकडा पुरतो. आमच्याकडे कुळागराची (पोफळीच्या बागेची) सावली दुपारी एकनंतर आपोआप येते, आणि माझी मार्चमधली बोंडं टिकतात त्याचं श्रेय मी हातगुणापेक्षा पोफळींनाच देते.

४. पाऊस आणि चिकटलेलं फूल

पाण्याचा थेंब लागला की परागकण फुगून फुटतात. त्यामुळे जूनमध्ये, मृगाच्या सरींत केलेले संकर म्हणजे वेळ घालवणं. तरी करायचेच असतील, कारण काही जाती नेमक्या तेव्हाच फुलतात, तर आदल्या संध्याकाळी कळीचा दांडा कापून खोलीत पाण्यात ठेवायची युक्ती बापापुरती चालते. आईला कुंडीसकट व्हरांड्यात आणावं लागतं. कुंडी हलणारी नसेल तर पराग लावल्यावर काडीच्या टोकावर अॅल्युमिनियम फॉइलची लहान टोपी बसवा. दुसऱ्या दिवसापर्यंत ती राहिली की काम झालं.

आता एक गोष्ट जी थंड, कोरड्या देशांतल्या माहितीत फारशी वाचायला मिळत नाही. आपल्या हवेत मिटलेलं फूल वाळून गळत नाही. ते लिबलिबीत होऊन गाठीला चिकटून बसतं, त्यावर बुरशी धरते आणि ती खाली बोंडात उतरते. चौथ्या आठवड्यात काळं पडणाऱ्या बोंडांची सुरुवात मला बहुतेक वेळा इथे सापडली. दुसऱ्या दिवशी ओढू नका, फलनाची काडी सुटण्याची भीती असते. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन बोटांनी हलकेच फिरवून काढा. सहज येत नसेल तर अजून एक दिवस थांबा. हा एवढा बदल केला आणि माझी काळी बोंडं जवळपास बंद झाली.

५. आईच्या अंगात बळ आहे का?

नुकती फोडून लावलेली, एकच पंखा (पानांचा जुडगा) असलेली, पहिल्यांदा फुललेली झाडं बोंड टाकून देतात. योग्यच करतात. अशा झाडावर पहिल्या वर्षी संकर नको. दुसऱ्या वर्षी एका दांड्यावर दोन-तीन बोंडं ठेवा, बाकीची फुलं खुडून टाका.

पाण्याचं म्हणाल, तर जांभ्याच्या जमिनीत पाणी ओतलं तसं खाली जातं. एप्रिलमध्ये वाफा वरून ओला आणि वीतभर खाली कोरडा ठणठणीत असतो. बोट नको, बांबूची कामटी खुपसून पाहा. आठव्या-दहाव्या दिवशी गळणाऱ्या बोंडांचं हे अगदी सामान्य कारण आहे. सुकलेल्या पानांचं किंवा नारळाच्या सोडणाचं आच्छादन घाला, पण गड्ड्याच्या मानेला टेकवू नका. युरिया टाकलात तर पानं छान येतील, एवढंच.

इथेच जातीचं एक सांगून टाकते. 'स्टेला डी ओरो' ही वॉल्टर जाब्लोन्स्की यांची १९७५ सालची बुटकी सोनेरी जात जगभर गाजली, म्हणून तिची हौस सगळ्यांना. पण ती थंडीत पूर्ण झोपणाऱ्यांपैकी. आपल्याकडे तिला झोप लागतच नाही. माझी दरवर्षी बारीक होत तिसऱ्या पावसाळ्यात संपली. बोंडं नीट हवीत तर सदाहरित प्रकारची आई निवडा. थंडीवाल्या जातीचा फार मोह झाला तर तिचा फक्त पराग वापरा.

६. किडी

कळी उघडण्याआधीच वाकडी, पांढुरके ओरखडे पडलेली दिसली तर फुलकिडे. कळी पांढऱ्या कागदावर झटका. बारीक पिवळसर रेघोट्या चालू लागतात. दांड्यावर मुंग्यांची रांग असेल तर वर मावा आहे, मुंग्यांवर राग काढू नका. बोंडाला गोल भोक आणि बाहेर विष्ठेचे दाणे म्हणजे आत अळी. ते बोंड गेलं, तोडून लांब टाका. पावसात आफ्रिकन गोगलगाई रात्रीत दांडा कुरतडतात. त्यांना बॅटरी घेऊन वेचण्याला पर्याय नाही, आणि हातमोजे घालूनच वेचा.

मावा, फुलकिड्यांना लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी. ज्या दिवशी सकाळी संकर करायचा त्याच्या आदल्या संध्याकाळी मात्र फवारू नका. तेलकट टोकावर पराग धरत नाही.

७. जोडी जुळते का?

इथपर्यंत सगळं ठीक, तरी गाठ फुगून आठवड्याने गळतेच. आता २२ आणि ४४चा हिशेब. डिप्लॉइड आणि टेट्राप्लॉइड यांचा संकर क्वचित अपवाद सोडता यशस्वी होत नाही. जाड पाकळी, रुंद दांडा पाहून लोक 'ही टेट्रा' म्हणतात. मी अशा अंदाजाने दोनदा फसले आहे.

जातीचं नाव ठाऊक असेल तर प्रश्न मिटला. १९४६ साली स्थापन झालेल्या अमेरिकेतल्या डे-लिली संस्थेकडे जगभरच्या जातींची नोंद असते आणि तिथे प्रत्येकीपुढे डिप की टेट हे लिहिलेलं असतं.

नाव ठाऊक नसेल तर साक्षीदार ठेवा. मी दोन झाडं खास या कामासाठी ठेवली आहेत. एक खात्रीची डिप्लॉइड, एक खात्रीची टेट्राप्लॉइड, दोन्हींचा पराग सशक्त असल्याचं आधी पाहून घेतलेलं. अनोळखी झाडाच्या तीन फुलांना एकीचा पराग, तीन फुलांना दुसरीचा, सगळ्या चांगल्या सकाळी. ज्या बाजूला बोंड पिकलं ती तिची जात. सहाही गळली तर फासा उलटा टाका: अनोळखी झाडाचा पराग घेऊन दोन्ही साक्षीदारांना लावा. काही झाडं आई म्हणून नापास आणि बाप म्हणून उत्तम असतात. यात एक अख्खा हंगाम जातो, म्हणून ही तपासणी इतकी खाली.

परदेशातून बी मागवून हा हंगाम वाचवू पाहणाऱ्यांना एक सूचना. आयात परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र याशिवाय पाकिटातून बी आणणं बेकायदा आहे. हेमेरोकॅलिसचा तांबेरा २००० साली अमेरिकेत पोचला तो अशाच माणसांच्या ने-आणीतून फैलावला. आपल्या दमट हवेत तो आला तर काय करील याची कल्पना करवत नाही.

८. खणून पाहणं

हे शेवटी, कारण खणलं की त्या वर्षीची उरलेली बोंडंही गेली. पण पानं मधूनच पिवळी पडत असतील, पंखा हलवला तर डुलत असेल, तर थांबू नका. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या जमिनीत गड्डा कुजणं नवलाचं नाही, विशेषतः पागोळ्यांखाली लावलेल्या झाडाचं.

पंखा ओढताच हातात आला आणि घाण वास सुटला तर मऊ कूज. चांगलं पांढरं गर दिसेपर्यंत कापा, सुरी प्रत्येक कापानंतर स्पिरिटने पुसा, सावलीत एक-दोन दिवस सुकवा, आणि रेती मिसळलेल्या कोरडसर कुंडीत लावा. नवा वाफा वीतभर उंच करा, चिऱ्याच्या तुकड्यांची कड घालून. अशी निम्मी झाडं माझ्याकडे वाचली आहेत. त्या वर्षी त्यांच्याकडून फुलाचीही अपेक्षा नको.

इथे थांबा

तीन ठिकाणी हात आवरायचा.

गड्ड्याच्या मानेशी पांढरी जाळी आणि त्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले, तर ती मऊ कूज नव्हे. ते दाणे बुरशीचे आहेत, मातीत वर्षानुवर्षं राहतात आणि शेजारच्या वांगी-मिरच्यांवरही चढतात. त्या वाफ्यातलं खुरपं दुसरीकडे नेऊ नका, घरगुती औषधं ओतू नका. एकाच पंधरवड्यात तीनहून जास्त झाडं बसली तरीही हेच.

टेट्राप्लॉइड घरी तयार करण्यासाठी कोल्चिसिन वापरायचा बेत कुणी आखत असेल तर तो सोडा. तेच औषध गाउट नावाच्या सांध्यांच्या दुखण्यासाठी डॉक्टर मोजून देतात, आणि जरा जास्त झालं तर ते जीवघेणं विष आहे. ते प्रयोगशाळेतल्या माणसांचं काम.

आणि घरात मांजर असेल, तिने पान किंवा फूल चावलेलं दिसलं, तर बागेचं राहू द्या आणि लगेच जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. डे-लिली मांजराची मूत्रपिंडं निकामी करते. उलटी होईपर्यंत वाट पाहू नका.

बुरशीच्या दाण्यांसाठी आणि माती परीक्षणासाठी तालुक्याचं विभागीय कृषी कार्यालय आधी गाठा. उत्तर गोव्यातल्यांना जुने गोवे इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेतलं कृषी विज्ञान केंद्र आहे, दक्षिणेकडच्यांना मडगावचं. जाताना झाड मुळांसकट, बुडाच्या मूठभर मातीसह न्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, वाटेत घाम धरून सगळंच कुजतं आणि तपासणाऱ्याला काही कळत नाही. वर्तमानपत्रात गुंडाळा, वर तारीख लिहा, आणि पेन्सिलीनेच.